ठाणेदार आणि सात मासोळ्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही. ज्या मैत्रिणीबरोबर एका घरात, एका चुलीवर निम्मं आयुष्य काढलं, तिलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीचं माणूस ऐकताऐकताच समजूत घालायला लागतं — अहो, त्यात काय एवढं, तुमचा हेतू तर चांगला होता ना — आणि मला समजूत नको आहे. मी आजारी नाही. पश्चात्तापानं झोप उडाली आहे, अशातलाही भाग नाही. चांगली झोपते. तीच तर गोष्ट आहे — इतकी वर्षं मी चांगली झोपले.

आधी एक सांगून टाकते: मी चांगली शिक्षिका होते. हे गर्वानं म्हणत नाही — बरं, गर्वानंच म्हणते. चांदा जिल्ह्यात, वैनगंगेपासून कोस-दीड कोसावर आमचं गाव. नाव सांगत नाही. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, तेव्हाची ही गोष्ट. मुलींच्या शाळेत निसर्ग-अभ्यास आणि नीतिपाठ हे दोन विषय माझ्याकडे. मी नागपूरहून आलेली, पंचविशीतली, एकटी. मोठ्या बाई — म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका — म्हणायच्या की हिच्या वर्गावरून जाताना मलासुद्धा पदर सारखा करावासा वाटतो. मला ते आवडायचं. का आवडू नये? मी मेहनतीनं शिकवत होते, आणि माझ्या मुली शिकत होत्या.

माझा धाकटा भाऊ बल्लारशाला रेल्वेत होता. त्या दिवाळीला तो आला तो मुरंब्याची बरणी छातीशी धरून. मला वाटलं, खायला काही आणलं. बरणीत होता एक मासा. निळा, त्यात तांबडी झाक, अंग करंगळीएवढं, पण त्या अंगाला पर केवढे — नेसताना निऱ्या हातातून सुटाव्यात तसे खाली लोळत होते. मद्रासच्या बाजारातून आणला होता. तिकडे याला लढाऊ मासा म्हणतात, म्हणाला. आणि म्हणाला, "ताई, याला एकट्यालाच ठेव बरं. दुसरा कुणी दिसला की अंगावर जातो." हे त्यानं जेवताना सांगितलं आणि गाडीत बसताना पुन्हा सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आमच्या घरात मासा कधी उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता, बरणीतलासुद्धा. मी तो शाळेत नेला. मुलींनी दुपारच्या सुट्टीच्या आत त्याचं नाव ठेवलं — ठाणेदार. तो बरणीत ज्या ऐटीत फिरायचा, त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. बरणी लहान पडते म्हणून मी बाजारातल्या करीमभाईंकडे गेले. ते कंदील दुरुस्त करत, पेट्या-डबे बनवत. त्यांनी पत्र्याच्या चौकटीत चार काचा बसवल्या, सांधे लांबीचा लगदा भरून बुजवले, आणि एक पेटी करून दिली. दोन वीत लांब, एक वीत रुंद. जिल्ह्यात असं काही कुणी पाहिलं नव्हतं. पेटी घेताना मी त्यांना सहज म्हटलं की यात सात-आठ मासे ठेवीन. ते हसले. "बाई, सात-आठ? इतक्याशा डब्यात? दम घुटंल ना बिचाऱ्यांचा." मी म्हटलं, मासे पाण्यात राहतात करीमभाई, त्यांचा कसला दम? — पाहा, किती ठाम होते मी.

सात-आठ मासे कशाला हवे होते? तेच सांगते.

त्या वर्षी नीतिपाठाला 'संगत' हा विषय होता. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला — ही म्हण मी फळ्यावर लिहिली होती. लोक ती वाईट गुणांसाठी वापरतात. मी म्हटलं, उलटी का फिरवू नये? वाईटाच्या शेजारी चांगलं बांधलं तर वाईटाला चांगला गुण लागणार नाही का? मुली जांभया देत होत्या. माझी नजर खिडकीतल्या ठाणेदारावर गेली, आणि मला ती कल्पना सुचली. हा भांडखोर. त्याच्याबरोबर आपल्या तळ्यातल्या गरीब, मिळून-मिसळून राहणाऱ्या मासोळ्या ठेवू. महिन्याभरात हा सुधारेल. मुली डोळ्यांनी पाहतील. निसर्ग-अभ्यास आणि नीतिपाठ एकाच पेटीत! मला स्वतःचंच कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

तळ्यातून सात मासोळ्या आल्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, रुपेरी, शेपटीजवळ काळा ठिपका. ठाणेदारानं पर फुगवले, कल्ले उघडून उभा राहिला, एकीच्या मागे धावला, दुसरीच्या मागे धावला — आणि मग कंटाळून कोपऱ्यात गेला. मुलींनी टाळ्या पिटल्या. मी फळ्यावर लिहिलं: संगतीचा गुण. मोठ्या बाई आल्या, चष्मा काचेला लावून पाहिलं, आणि म्हणाल्या की हे तहसीलदारांच्या बायकोला दाखवायला हवं, परवाच बोलावते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. दोन मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. एकीची शेपटी कुरतडलेली. दुसरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. उरलेल्या पाच पृष्ठभागाशी तोंड लावून आ वासत होत्या. आणि ठाणेदार मजेत.

इथं थांबायला हवं होतं, नाही का? अकरा वाजता वर्गात जाऊन म्हणायचं — मुलींनो, बाई चुकल्या. मासा म्हणजे माणूस नव्हे. तो निसर्ग-अभ्यासाचा खरा धडा झाला असता. पण अकरा वाजता तहसीलदारांची बायको येणार होती. विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणू? नाही. हातात तब्बल दोन तास होते. मी दोन मिनिटांत ठरवलं.

भागरथाबाई रोज सकाळी शाळेच्या मागच्या वाटेनं बाजारात जायची. ढिवर मोहल्ल्यातली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली. डोक्यावर मासळीची टोपली, हातात पाण्याची बादली. तिची मुलगी अनुसया माझ्याच वर्गात, चौथीत. मी भागरथाबाईला हाक मारली आणि म्हटलं, दोन बारक्या मासोळ्या हव्यात. जिवंत.

"जित्त्या कायले पायजे, बाई?"

शाळेला, म्हटलं. तिनं बादलीतून ओंजळीनं दोन काढल्या आणि माझ्या लोट्यात सोडल्या. मेलेल्या दोन मी चिमट्यानं उचलून बारमाशीच्या फुलझाडाच्या आळ्यात पुरल्या आणि चिमटा तीनदा धुतला. अकरा वाजता पेटीत सात मासोळ्या होत्या. तहसीलदारांच्या बायकोनं गालावर हात ठेवला.

मग ते सुरूच झालं. आठवड्याला दोन, कधी तीन, थंडी वाढली तशा कधी चार. मी रोज साडेआठला शाळेत जायची, मोजायची, पुरायची, भरायची. भागरथाबाई कधी काही घ्यायची नाही. "माह्या पोरीले शिकवून राह्यल्या ना तुमी, मंग?" म्हणायची. मी तिला एकच बजावलं होतं — अनुसयाला कळता कामा नये. तिनं विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, मुलींचं मन मोडेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि टोपली उचलली. तिला काय वाटलं असेल? मी तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारलासुद्धा नाही.

आता अनुसयाबद्दल सांगते. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

ढिवर मोहल्ल्यातली एकही मुलगी तोवर चौथीच्या पुढे गेली नव्हती. चौथी झाली की टोपली. चांद्याला मुलींचं एक सरकारी वसतिगृह होतं. दरवर्षी तपासणीसबाई येत, शाळेनं पुढे केलेल्या एका मुलीला पाहत, आणि पटली तर शिफारस लिहून देत. ती मुलगी पुढे शिकायची. आमच्या शाळेतून त्या वर्षी कोण जाणार हे मी ठरवायचं होतं, आणि मी अनुसयाला ठरवलं होतं. उगीच नाही. तिच्यासारखे डोळे मी पुन्हा कुणाला पाहिले नाहीत. इतर मुली निरीक्षणाच्या वहीत 'मासे पोहत आहेत' लिहायच्या. अनुसयानं लिहिलं होतं, 'ठाणेदार वर येऊन हवा खाते. बाकीचे पान्यातच श्वास घेते. पानी जुनं झालं का त्याहीले त्रास होते, ठाणेदाराले नाई.' मी शुद्धलेखनाच्या तीन चुकांवर लाल रेघा मारल्या आणि खाली 'बरे' लिहिलं. मजकूर मी वाचला का? डोळ्यांखालून गेला असेल. पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात मला कळलं की या जातीचा मासा खरंच वरची हवा घेतो, म्हणून मुरंब्याच्या बरणीतही जगतो. इतर मासे तेवढ्याशा पाण्यात गुदमरतात. म्हणजे माझ्या मासोळ्या निम्म्याशिम्म्या ठाणेदारानं मारल्याच नव्हत्या. त्या पेटीनं मारल्या. मी मारल्या. आणि बारा वर्षांच्या मुलीनं ते मला वहीत लिहून दिलं होतं.

भागरथाबाईला मी सांगितलं होतं की पोरगी चांद्याला जाईल. ऐकून ती शाळेच्या पायरीवरच बसली होती. त्या घराला दुसरी वाट नव्हती. आणि त्या वाटेच्या तोंडाशी मी उभी होते.

पौषात ढिवरांची तळ्यावर पूजा असायची. पूजा होईपर्यंत चार-पाच दिवस तळ्यात जाळं टाकायचं नाही, असा त्यांचा रिवाज. मला काय माहीत? नेमक्या त्याच आठवड्यात एका सकाळी सातपैकी पाच मासोळ्या गेल्या. भागरथाबाईनं पाच आणून दिल्या. नदीवरून आणल्या, इतकंच म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं. मासोळी ती मासोळी — तीच लांबी, तोच काळा ठिपका. माझ्या डोळ्यांना त्यात काहीएक फरक दिसला नाही.

शनिवारी वह्यांचं वाचन असायचं. एकेक मुलगी उभी राहून आठवड्याचं निरीक्षण वाचायची. अनुसया उभी राहिली. परकर सारखा केला, वही दोन्ही हातांत धरली, आणि वाचलं:

"आज सात मासे हायेत. पन त्याच्यातले पाच हे थे नाईत. थे तळ्याचे होते. तळ्यातल्या गाळानं मासा काळपट होते. हे पाच नदीचे हायेत. रेतीतला मासा पांढरा राह्यते. म्हनून थे पाच मेले असतील आन् कोनी तरी दुसरे आनून टाकले."

चाळीस डोकी पेटीकडे वळली, मग माझ्याकडे.

तुम्हीच सांगा, यापेक्षा उत्तम निरीक्षण कुठल्या मुलीनं केलं असतं? त्या जागी मी तिला उचलून घ्यायला हवं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अनुसया, हे तू मनानं रचलंस."

"नाई बाई."

"कुणी मासे बदलताना तू पाहिलंस?"

"मासे पाह्यले ना, बाई."

किती सरळ उत्तर! मी तिला माफी मागायला सांगितली. तिनं मागितली नाही. उद्धटपणानं नाही — तिला खरंच कळत नव्हतं, माफी कशाची. मला तेवढ्यात मोठ्या बाईंची पावलं ओसरीत ऐकू आली, आणि मी आवाज चढवून म्हणाले की खोटं लिहिणाऱ्या मुलीची शिफारस ही शाळा करणार नाही. मग शिपायाला पाठवून भागरथाबाईला बाजारातून बोलावून घेतलं.

हो. तिलाच बोलावलं. तिला सगळं माहीत आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच बोलावलं. भीतीनं सुचलं असतं तर वेगळं. मला ते थंड डोक्यानं सुचलं. ढिवराच्या मुलीनं मासे ओळखले, तर तिला खोटं पाडायला तिच्याहून जाणतं ढिवरच हवं, नाही का?

ती आली. टोपली दाराबाहेर ठेवली, हात लुगड्याला पुसले. चाळीस मुली, दारात मोठ्या बाई, मध्ये अनुसया उभी. मी सगळं तिला समजावून सांगितलं, जणू ती काही जाणतच नाही. शिफारशीचंही सांगितलं, ते विसरले नाही. आणि विचारलं, "भागरथाबाई, तुम्ही जन्मभर मासे पाहता. सांगा हिला. काचेत ठेवला तर माशाचा रंग बदलतो की नाही?"

तिनं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिले. किती वेळ गेला? फार नाही. एका माणसाला हिशेब कळायला लागतो तेवढा.

"बदलते," ती म्हणाली. "काचेत ठेवला का फिकट पडते मासा. थेच मासे हायेत, बाई." आणि वळून तिनं अनुसयाच्या तोंडात मारली. "बाई म्हनते थेच खरं. समजलं काय?"

अनुसया रडली नाही. गालाला हात लावला नाही. ती आईकडे पाहत राहिली. मोहल्ल्यात कुणाच्या जाळ्यात कुठल्या पाण्याची मासोळी आली, हे ज्या बाईकडून ती शिकली होती, त्या बाईकडे. मी पाहत होते. मी मधे पडले नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, जाऊ द्या, लेकरू आहे. मी औदार्य दाखवून तिला माफ केलं. ते पान तिच्याच हातानं फाडायला लावलं. तिनं ते रेघेवर बोट ठेवून, नीट, सरळ फाडलं.

तुम्हाला वाटेल, मग मी शिफारस नाकारली असेल. छे! मी शब्दाची पक्की होते — तशी माझी ख्याती होती. सोमवारपासून अनुसयाच्या वहीत रोज लिहिलेलं असायचं: 'आज सात मासे आहेत. सर्व आनंदात आहेत.' 'हायेत' नाही, 'आहेत'. एकही लाल रेघ मारायला जागा नाही. कडेला चित्र — मधे ठाणेदार, भोवती सात मासोळ्या. मी रोज 'उत्तम' लिहायची. पेटीत कधी तीन नव्या असायच्या, कधी चार. ती पाहायची, मोजायची, आणि लिहायची. मी मनात म्हणायची, पोरगी सुधारली. खरंच म्हणायची हो! माणसाला स्वतःचं किती खपवून घेता येतं, याला काही सीमा आहे का?

फाल्गुनात तपासणीसबाई आल्या. त्या सकाळी मला त्यांना आणायला स्टेशनावर जायचं होतं. छोटी गाडी वेळेवर कधी आली आहे? त्या दिवशीही आली नाही. साडेआठ वाजले, नऊ वाजले, साडेनऊ. पेटी पाहायला मी गेले नव्हते. आदल्या संध्याकाळी तीन मासोळ्या वर आ वासत होत्या, म्हणजे सकाळी काय असणार ते मला ठाऊक होतं. बैलगाडीत बाईंच्या शेजारी बसून मी अभ्यासक्रमावर बोलत होते, आणि मनात मोजत होते — चार उरल्या असतील, फार तर पाच.

वर्गात शिरले. मुली उभ्या राहिल्या. मी पेटीकडे पाहिलं.

सात.

पाणी स्वच्छ होतं. खालची फरशी पुसलेली होती. तीन मासोळ्या काळपट होत्या, चार पांढऱ्या — एव्हाना मलाही फरक दिसायला लागला होता. अनुसयाचा परकर गुडघ्यापर्यंत ओला होता. ती समोर बघत उभी होती. मला कळलं. कुणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही, पण त्या क्षणी कळलं की आईच्या हातातली बादली त्या दिवशी लेकीनं घेतली होती. मेलेल्या तिनं कुठं टाकल्या कोण जाणे.

तपासणीसबाई काचेशी वाकल्या. कौतुकानं विचारलं, "सुरुवातीपासूनचे हेच मासे?" मी तोंड उघडलं होतं. माझ्या आधी अनुसया बोलली.

"हो बाई. दिवाळीपासून हेच सात आहेत. मी रोज मोजते."

"आणि हा लढाऊ मासा यांना चावत नाही?"

"आधी चावत होता. आता नाही चावत. संगतीचा गुण आहे."

माझंच वाक्य. माझाच सूर, शेवटच्या शब्दावर देते तो जोरसुद्धा माझा. बाईंनी वही चाळली, चित्रं पाहिली, आणि तिथंच टेबलावर शिफारशीचा कागद लिहिला.

मला तेव्हा काय वाटलं, ते सांगते. तेवढ्यासाठीच तर बसले आहे. शरम वाटली नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग अभिमान. आपली मुलगी ऐन वेळी चुकली नाही, हा अभिमान.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाणेदार मेला. वैशाखात पेटीतलं पाणी चहासारखं तापायचं. मी त्याला बारमाशीखालीच पुरलं आणि पेटी करीमभाईंना परत दिली. त्यांनी तिच्या काचा कंदिलांना लावल्या.

शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी भागरथाबाई आणि अनुसया माझ्या घरी आल्या. अनुसयाच्या हातात पत्र्याची लहान पेटी, केसांना नवी रिबीन. दुपारच्या गाडीनं ती चांद्याला निघाली होती. भागरथाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. माझ्या घरात ती कधी आली नव्हती, मी कधी ये म्हटलंही नव्हतं. "तुमच्यामुळंच जाऊन राह्यली, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता का? मी खूपदा आठवून पाहिलं आहे. नव्हता. तिनं किंमत मोजली होती, वस्तू मिळाली होती, एवढंच.

अनुसया पाया पडायला वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अशा वेळी शिक्षिकेनं काहीतरी बोलायचं असतं. मी म्हणाले, "कुठंही जा, अनुसया, पण खोटं कधी बोलू नकोस."

ती उठून उभी राहिली. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि पदराआड आईनं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"हो बाई," ती म्हणाली.

हे मी तिच्या तोंडावर बोलले. तिच्या आईसमोर बोलले. आणि बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.